अर्जुनरावांची इस्टेट आणि जपानचं स्टेशन

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, संत तुकाराम नगरातल्या एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, एक जपानी रेल्वे स्टेशन दारात अडकलं.

अर्धं स्टेशन घरात होतं आणि अर्धं बाहेर. तिकीटघर जिन्यावर आलं होतं, फलाटाचं शेपूट सोफ्यापाशी राहिलं होतं. घरातल्या बाजूला अर्जुनराव सोनकांबळे आणि बाहेरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचा रणजीत, असे दोघं ते धरून उभे होते. अकरा वाजता ते स्टेशन चाकणला पोचायचं होतं. सव्वाअकराच्या आत गेलं तरी चाललं असतं. त्यानंतर नेऊन काहीच उपयोग नव्हता.

"काका, तुम्ही दार मोजलं नव्हतं का?" रणजीतने विचारलं.

हा प्रश्न त्याने दुसऱ्या कोणाला विचारला असता तर चाललं असतं. अर्जुनरावांनी चौतीस वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवले होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग हा त्यांच्या दृष्टीने ढोबळ हिशेब होता. दार त्यांनी मोजलं होतं, जिना मोजला होता, जिन्याचं वळण पुठ्ठा कापून तपासलं होतं. फक्त गेल्या दिवाळीत सुमनताईंनी दाराला बाहेरून जे लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं, ते मोजायचं राहिलं. त्या जाळीने दीड इंच खाल्ला होता.

"मोजलं होतं," अर्जुनराव म्हणाले. "नंतर दार बदललं."

"म्हणजे माझंच चुकलं," आतून सुमनताई म्हणाल्या.

"तसं मी म्हटलं का?"

"म्हणायची गरज नाही. तुमच्या मानेवरून कळतंय."

समोरच्या दारातून सरूबाई बाहेर आल्या. त्यांनी हातातली लसूण सोलायची ताटली खाली ठेवली आणि परिस्थितीची पाहणी केली. "उभं करा की त्याला," त्या म्हणाल्या. "आमचं कपाट असंच नेलं होतं."

"सरूबाई, हे कपाट नाही. यावर माणसं उभी आहेत."

खरंच उभी होती. अठरा प्रवासी, एक स्टेशनमास्तर, दोन शाळकरी मुली आणि छत्री घेतलेली एक म्हातारी. प्रत्येक जण अर्ध्या बोटाएवढा. रणजीतचं मत पडलं की हे सगळं मुळात मॉड्युलर करायला हवं होतं, म्हणजे सुटे भाग नेऊन तिथे जोडता आले असते. तो आयटीत होता आणि गोष्ट होऊन गेल्यावर ती कशी करायला हवी होती हे त्याला नेहमी अचूक सुचायचं. अर्जुनरावांनी आपली बाजू सुमनताईंच्या हाती दिली, स्क्रूड्रायव्हर घेतला, फलाटाखालून सरपटत बाहेर गेले आणि जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या काढायला बसले. वय एकसष्ट. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. पाठीला भिंतीचा चुना लागला तो दिवसभर तसाच राहिला.

आठ पन्नासला स्टेशन सुटलं.

आता हा खटाटोप कशासाठी चालला होता, ते सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी कंपनीने अर्जुनरावांना सहा आठवडे जपानला शिकायला पाठवलं होतं. तिथे मोरिता नावाचे फोरमन त्यांचे गुरू. अर्जुनरावांना जपानी येत नव्हतं, मोरितांना दुसरं काही येत नव्हतं. पण दर रविवारी मोरिता आपली लांब शेपटाची गाडी घेऊन यायचे. तिच्या दोन्ही अंगांना लाकडासारख्या पट्ट्या होत्या, आणि मागचं दार वर उघडायचं. एका छोट्या स्टेशनसमोर ते गाडी लावायचे, मागचं दार उघडून दोघं तिथेच पाय सोडून बसायचे, डबा खायचे आणि दोन डब्यांची भगवी गाडी येताना-जाताना बघायचे. अकरा चौदाची गाडी अकरा चौदालाच यायची. मोरिता घड्याळ दाखवून हसायचे. सहा रविवारांत दोघांचं मिळून वीस शब्दही बोलणं झालं नसेल, आणि तेवढी मैत्री अर्जुनरावांची नंतर कोणाशी झाली नाही.

परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी तशीच एक लांब गाडी घेतली, जुनी, चौथ्या हातची. तिला सगळे इस्टेट म्हणायचे. या नावामुळे घोटाळेही झाले. वर्षालीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पाहायला एकदा जी मंडळी आली होती ती 'सोनकांबळ्यांची इस्टेट आहे' एवढंच ऐकून आली होती. चहा झाल्यावर मुलाच्या मामाने इस्टेटीचा विषय काढला, तेव्हा अर्जुनराव मोठ्या आनंदाने सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. ते स्थळ पुन्हा आलं नाही. वर्षालीचं काही अडलं नाही. ती जपानी शिकली आणि चाकणच्या एका कंपनीत दुभाषी झाली. शिकल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर बाबा ज्या स्टेशनला पंचवीस वर्षं 'देगुची' म्हणत होते त्या शब्दाचा अर्थ सांगितला. देगुची म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता. फोटोत ती पाटी होती. अर्जुनराव त्यानंतर दोन दिवस कमी जेवले.

ते स्टेशन पुढे बंद पडलं. निवृत्त झाल्यावर अर्जुनरावांनी ते पुन्हा बांधायला घेतलं. जेवणाच्या टेबलावर, प्लायवूड, पत्रा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊन. तीन वर्षं सोनकांबळे कुटुंब जमिनीवर बसून जेवलं. आणि गेल्या आठवड्यात वर्षालीने बातमी आणली: मोरितांचा मुलगा तिच्याच कंपनीत कामासाठी येतोय, आणि त्र्याऐंशी वर्षांच्या वडिलांनाही बरोबर आणतोय. शुक्रवारी अकरा ते सव्वाअकरा भेटता येईल. मग ते विमानतळावर जाणार.

"बाबा, एक सांगते," ती म्हणाली होती. "त्यांचा मुलगा म्हणाला, त्यांना आता फार आठवत नाही. माणसं ओळखत नाहीत. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

"मला नाही ओळखलं तर काय झालं," अर्जुनराव म्हणाले होते. "स्टेशन ओळखतील."

तर स्टेशन खाली आलं. खाली आल्यावर फाटकावरच्या वॉचमनने ते अडवलं. घरातली कुठलीही मोठी वस्तू बाहेर न्यायची तर सेक्रेटरीच्या सहीचा कागद लागतो, असा नियम दोन महिन्यांपूर्वीच झाला होता. त्या नियमाच्या बाजूने सभेत हात वर करणाऱ्यांत अर्जुनराव पहिले होते.

सेक्रेटरी धनेश अंघोळ करून खाली यायला वीस मिनिटं लागली. त्याने फॉर्म काढला.

"वस्तूचं नाव?"

"रेल्वे स्टेशन."

धनेशने पेन थांबवलं. "काका, यादीत नाहीये. फर्निचर, विद्युत उपकरण, इतर घरगुती."

"मग इतर घरगुती लिहा."

"स्टेशन घरगुती कसं होईल? बरं, नेण्याचं कारण? विक्री, दुरुस्ती की स्थलांतर?"

"भेटीला नेतोय."

"भेट नाहीये यात." धनेश मनापासून विचार करत होता, हेच त्रासदायक होतं. "स्थलांतर टाकलं तर पोलीस पडताळणीची प्रत जोडावी लागेल. विक्री टाकलं तर घेणाऱ्याचं आधार."

नऊ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. अर्जुनरावांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. तेव्हा सुमनताई पुढे झाल्या. "धनेश, टेबल लिही," त्या म्हणाल्या. "जेवणाचं टेबल, एक नग. तीन वर्षं माझं टेबल याच्याच खाली आहे, मला तरी दोन्हीत आता फरक वाटत नाही."

धनेशने 'जेवणाचे टेबल – १' असं लिहून शिक्का मारला.

इस्टेटची मागची सीट पाडली की सहा फूट जागा व्हायची. स्टेशन सहा फूट तीन इंच होतं. त्यामुळे मागचं दार अर्धवट उघडं ठेवून सुतळीने बांधावं लागलं. सिग्नलचा खांब वेगळा काढून सुमनताईंच्या मांडीवर दिला, आणि भगवी गाडी त्यांच्या पर्समध्ये. रणजीतने जाताना सल्ला दिला की नाशिक रोडने जाऊ नका, आणि दुसरा कुठला रस्ता आहे ते मात्र सांगितलं नाही. नऊ एक्केचाळीसला इस्टेट निघाली.

भोसरीपर्यंत ठीक गेलं. भोसरीच्या पुलाखाली बावीस मिनिटं गेली. खड्डा आला की अर्जुनराव श्वास धरायचे आणि मागे बघायचे. त्यांनी मागे बघितलं की सुमनताई पुढे बघायच्या आणि "ट्रक, अहो ट्रक," म्हणायच्या. एका खड्ड्यात छत्रीवाली म्हातारी फलाटावरून रुळांत पडली.

"थांबवू का?" अर्जुनरावांनी विचारलं.

"तिला राहू द्या. तुम्ही चालवा."

मोशीच्या अलीकडे वाहतूक जी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, डावीकडे कंपनीची बस, उजवीकडे दुभाजक. मे महिन्यातलं ऊन बॉनेटवर तापत होतं. गाडीच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकत होता आणि घड्याळाचा काटा अकराकडे. अर्जुनरावांना दोन्ही काटे एकाच वेळी बघावे लागत होते. दहा छत्तीसला बॉनेटखालून आधी वास आला, मग वाफ, मग इस्टेटने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि ती बंद पडली.

अर्जुनराव खाली उतरले. रेडिएटरचा पाइप फाटला होता. फडकं गुंडाळून, पाणी भरून तो दहा मिनिटं चालला असता. पण पुढचा कंटेनर हलत नव्हता, तर चालवायचं कुठे? मागच्यांनी हॉर्न सुरू केले. तेवढ्यात वर्षालीचा फोन आला.

"बाबा, कुठपर्यंत आलात?"

"पोचतोच आहोत," अर्जुनराव म्हणाले. आयुष्यात कधी कामाची वेळ न चुकवलेल्या माणसाचा आवाज खोटं बोलताना किती चिरकतो, ते सुमनताईंनी त्या दिवशी प्रथम ऐकलं. त्यांनी फोन काढून घेतला.

"वर्षाली, मोशीत गाडी बंद पडलीये. अकराला काही येत नाही आम्ही."

"आई, ते सव्वाअकराला निघणारच. विमान आहे. मी विचारलं, थांबता नाही येणार म्हणाले."

अर्जुनराव रस्त्याकडेला दगडावर बसले. तीन वर्षं रोज सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा त्यांनी ते काम केलं होतं. छपरावरची कौलं एकेक करून कापली होती, तेराशे चाळीस. आणि चाकण इथून दहा-बारा किलोमीटर. माणूस हे अंतर चालत दोन तासांत जाईल, पण स्टेशन घेऊन नाही.

"ही गाडी कुनाची?" मागून आवाज आला. वाहतूक हवालदार बोऱ्हाडे, मोशीचेच जुने रहिवासी, घामाने डबडबलेले. त्यांनी उघड्या दारातून आत बघितलं. "ह्ये काय हाय?"

"स्टेशन आहे."

"कंचं?"

"जपानचं."

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. सकाळपासून त्यांनी बरंच काही ऐकलं असावं. "माल गाडीच्या भाईर आलाय. मागं लाल फडकं न्हाई. गाडी रस्त्यात हुबी. आता मी काय काय लिहू?"

"लिहा," अर्जुनराव म्हणाले. "काय लिहायचं ते लिहा. आता घाई नाही."

हे उत्तर हवालदारांच्या अपेक्षेत नव्हतं. ज्याच्याशी भांडायला आलो तो भांडतच नाही म्हटल्यावर ते सुमनताईंकडे वळले, आणि सुमनताईंनी मांडीवरचा सिग्नलचा खांब बाजूला ठेवून त्यांना सगळं सांगितलं. मोरिता, रविवार, डबा, त्र्याऐंशी वय, विमान. हवालदार ऐकत होते आणि अधूनमधून शिट्टी वाजवून दुचाकीवाल्यांना हाकत होते.

"इमानतळाला कुठनं जानार त्ये?" त्यांनी विचारलं.

"चाकणहून."

"म्हंजी हितनंच की वो!" हवालदारांनी दुभाजकापलीकडे बोट दाखवलं. "पल्याडच्या अंगानं. दुसरा रस्ता हायेच कुठं?"

अर्जुनराव उठून उभे राहिले. सुमनताईंनी वर्षालीला फोन लावून मोशीत पलीकडच्या बाजूला थांबायला सांगितलं.

पुढच्या वीस मिनिटांत काय काय झालं ते त्यांना नंतर नीट सांगता येईना. हवालदारांनी शेजारच्या कंपनीच्या बसमधल्या चार जणांना खाली बोलावलं; त्यांची पहिली शिफ्ट सुटलेली नव्हती की दुसरी लागलेली नव्हती, ट्रेनिंगला निघाले होते आणि उशीर व्हायला कारण मिळालं म्हणून खूश होते. सुतळी कापली. स्टेशन बाहेर निघालं. दुभाजक कमरेएवढा. "उचला भावांनो, फलाटाला धरू नका, खालून धरा," अर्जुनराव ओरडत होते. आधी दोघं पलीकडे गेले, मग तिकीटघर गेलं, मग मधला फलाट दुभाजकाच्या वर अधांतरी आला, आणि एकाची चप्पल सटकली. स्टेशन एका बाजूला कललं. सुमनताईंनी आपला अख्खा खांदा खाली दिला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो फलाटावरचा विजेचा खांब होता. बाकी सगळं पलीकडे पोचलं. चहाच्या टपरीचं बाकडं रिकामं करून त्यावर ते ठेवलं.

अकरा एकोणतीस.

"वर्षाली, गाडी कसली आहे?"

"पांढरी, बाबा. मोशीच्या जवळ आलोय. पण मुलगा म्हणतोय तीनच मिनिटं. खरंच तीन."

अर्जुनरावांनी रस्त्याकडे बघितलं. चाकणकडून येणारी प्रत्येक गाडी पांढरी होती. हवालदार बोऱ्हाडे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि एकेका पांढऱ्या गाडीच्या काचेत वाकून बघायला लागले. पहिलीत लग्नाचं वऱ्हाड. दुसरीत एकटाच माणूस, त्याने घाबरून कागदपत्रं काढली. तिसरीत मेंढीच्या पिल्लासह कुटुंब. सहाव्या गाडीची काच खाली झाली आणि वर्षालीचा हात बाहेर आला.

मोरिता मुलाच्या हाताला धरून उतरले. अर्जुनरावांच्या आठवणीतला माणूस दाराएवढा होता. हा माणूस त्यांच्या खांद्याला लागत होता. डोक्यावर कापडी टोपी, डोळे पाणावलेले. अर्जुनराव पुढे झाले, कमरेत वाकले. मोरितांनीही सभ्यपणे वाकून नमस्कार केला, जसा कोणाही अनोळखी माणसाला करावा तसा. आणि मुलाला काहीतरी विचारलं.

अर्जुनरावांनी मागोमाग उतरलेल्या वर्षालीकडे पाहिलं.

"काय म्हणाले?"

"विचारलं, हे गृहस्थ कोण."

अर्जुनरावांनी मान हलवली. मनाची तयारी त्यांनी ठेवली होती. ती पुरली नाही, एवढंच. त्यांनी हाताने बाकड्याकडे दाखवलं.

मोरिता बाकड्याजवळ गेले. बराच वेळ नुसते उभे राहिले. कंटेनरचे हॉर्न वाजत होते, धूळ उडत होती. मुलाने घड्याळाकडे पाहिलं. छोटी भगवी गाडी मोटरवर चालायची, पण तिची बॅटरी दुभाजकापलीकडे इस्टेटमध्येच राहिलेली. तेव्हा सुमनताईंनी पर्समधून भगवी गाडी काढली, रुळांवर ठेवली आणि एका बोटाने ढकलत, अगदी हळू, फलाटाला आणून लावली. गेली तीन वर्षं त्यांनी ती गाडी एकदाही चालवली नव्हती.

म्हाताऱ्याने टोपी काढली.

मग तो वाकला. उजव्या हाताचा अंगठा त्याने फलाटाच्या कडेला टेकवला आणि त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून एका टोकापासून फिरवत निघाला. तिकीटघर, बाक, पिवळी पट्टी. दोन-तृतीयांश फलाट झाला आणि अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा त्याच जागी थांबला. मोरितांचा चेहरा हळूहळू बदलला. कपाळावर आठ्या आल्या, जबडा घट्ट झाला. त्यांनी मान वर करून अर्जुनरावांकडे पाहिलं, आणि ते पाहणं अनोळखी माणसाचं नव्हतं.

"अरुजुन," ते म्हणाले. "यारिनाओशी."

वर्षाली भाषांतर करायला पुढे आली, तिला अर्जुनरावांनी हातानेच थांबवलं. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता. सहा आठवड्यांत किमान दोनशे वेळा त्यांनी तो ऐकला होता, दर वेळी याच अंगठ्यानंतर. पुन्हा कर.

अर्जुनराव टूलरूममधल्या पोरासारखे ताठ उभे राहिले. "हाय!" ते जपानीत 'होय' म्हणाले.

"हाय तर," हवालदार बोऱ्हाडे म्हणाले. त्यांना वाटलं, त्यांनाच विचारलं.

मोरितांनी अर्जुनरावांच्या दंडावर दोनदा थोपटलं, जोरात, आणि मुलाच्या हाताला धरून गाडीकडे वळले. तीन मिनिटांची चार झाली होती. वर्षालीने काचेतून हात हलवला. पांढरी गाडी दुसऱ्या पांढऱ्या गाड्यांत मिसळली आणि कोणती ती कळेनाशी झाली.

बसमधले चौघे चहा मागवत होते. हवालदार लाल फडक्याचं काय करायचं ते विचारत होते. सुमनताई पदराने वारा घेत बाकड्याच्या टोकाला टेकल्या.

"काय म्हणाले हो ते?"

अर्जुनराव स्टेशनपाशी वाकले होते. आपला अंगठा त्यांनी फलाटाच्या कडेवरून फिरवत नेला, सावकाश, मोरितांचा थांबला होता तिथपर्यंत. कडेला केसाएवढी धार राहिली होती. डोळ्याला दिसत नव्हती, अंगठ्याला मात्र लागली. टूलरूममध्ये तिला बर म्हणतात, आणि ती ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

"खरंच आहे गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा चिरकला, पण या वेळी ते खोटं बोलत नव्हते. "बघ, हात लावून बघ. खरंच आहे."